झटका मशीन चालू, तरी रोही शेतात: दोष नेमका कुठे शोधावा?

विदर्भात ज्यांनी शेताला सौर कुंपण, म्हणजे सौर ऊर्जेवरच्या झटका मशीनने तारेत विजेचे ठोके सोडणारे कुंपण, केले आहे, त्यांच्यापैकी अनेकांची तक्रार जवळजवळ एकाच शब्दांत ऐकू येते. पहिल्या हंगामात रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप धुऱ्यापर्यंत येऊन परत गेला; दुसऱ्या हंगामात हरभऱ्याने घाटे धरले आणि एका रात्रीत बांधाकडच्या दहा-बारा ओळी शेंड्यापासून खुडल्या गेल्या, मशीन मात्र रात्रभर टक्-टक् वाजत होती. यावरून बहुतेक जण असा निष्कर्ष काढतात की रोह्याला झटक्याची सवय झाली, आणि मग दुकानदार जास्त ज्यूलची (जास्त ताकदीच्या ठोक्याची), म्हणजेच जास्त किमतीची, मशीन गळ्यात मारतो. वर्धा जिल्ह्यातील माझ्या सहा एकरांसाठी मीही हाच मार्ग एकदा धरला होता. नवी मशीन आली, पैसे गेले आणि तिसऱ्याच रात्री कळप पुन्हा हरभऱ्यात होता. त्यानंतरचे दोन हंगाम तारेतील व्होल्ट मोजणारा टेस्टर हातात घेऊन तारेकडेने फिरण्यात गेले, आणि त्यातून जे उमगले ते असे की खऱ्या झटक्याची सवय रोह्याला होत नाही. सवय होते ती झटका नसलेल्या तारेची, आणि अशी तार आपण नकळत त्याच्यापुढे ठेवत असतो.

मशीनचा आवाज येतो म्हणजे मशीन ठोका सोडते, एवढेच सिद्ध होते. तो ठोका शेताच्या दूरच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचतो की नाही आणि पोहोचला तरी जनावराच्या अंगातून फिरून परत येतो की नाही, हे त्या आवाजावरून कळत नाही. कुंपणाची तार हा विजेच्या वर्तुळाचा केवळ अर्धा भाग आहे. तारेतून निघालेला प्रवाह रोह्याच्या नाकातून किंवा छातीतून खुरांपर्यंत, खुरांतून मातीत आणि मातीतून मशीनच्या अर्थिंगच्या, म्हणजे मशीनला जोडून जमिनीत ठोकलेल्या, सळईपर्यंत परत पोहोचला, तरच झटका बसतो. वर्तुळ कुठेही तुटले किंवा वाटेतच दुसरीकडे गळती लागली, तर जनावराला केवळ मुंग्या आल्यासारखे होते, आणि दोनशे किलोंच्या नराला तेवढ्याने काहीही फरक पडत नाही.

आधी कोण आले आणि कुठून आले, ते पाहा

दुरुस्तीला हात घालण्याआधी, आणि तुटलेली तार जोडण्याआधी, सकाळच्या उजेडात संपूर्ण कुंपणाला एक फेरी घालावी. रोही, रानडुक्कर आणि मोकाट गुरे यांच्या खुणा वेगवेगळ्या असतात, आणि उपायही वेगळे असतात. रानडुक्कर खालच्या तारेखाली जमीन उकरते, तारेला गुडघ्याच्या उंचीवर चिखल आणि राठ केस लावून जाते, आणि पीक मुळासकट उलथवते. रोही शेंडे व कोवळे घाटे वरून खुडतो, मधल्या तारांना छातीच्या उंचीवर पिंगट किंवा काळपट केस अडकलेले दिसतात, आणि दोन तारांमधील अंतर एखाद्या ठिकाणी ओढून ताणल्यासारखे रुंद झालेले असते. त्याची आणखी एक सवय उपयोगी पडते: रोही, विशेषतः नर, एकाच जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो. त्यामुळे धुऱ्यालगत किंवा पांदणीच्या कडेला लेंड्यांचा जुना आणि ताजा असा एकत्र ढीग आढळला, तर कळपाची ये-जा तिथूनच आहे असे धरायला हरकत नाही. मी अशा जागांजवळच्या खांबांना लाल रंगाचा पट्टा मारून ठेवतो, कारण दुरुस्तीची सुरुवात तिथूनच करावी लागते.

फेरीत आणखी एक गोष्ट बारकाईने पाहावी, ती म्हणजे तार कोणत्या बाजूला वाकली आहे. तार शेताच्या आत ओढली गेली असेल, तर कळप आत येताना ती तुटली. परंतु खांब बाहेरच्या बाजूला कलले असतील आणि तुटलेली टोके बाहेर पडलेली असतील, तर कळप आत शांतपणे कुठूनतरी आला होता आणि आपण हाकलल्यावर बिथरून कुंपण फोडत बाहेर गेला. माझ्याकडे मोडलेले खांब एका बाजूला आणि आत येण्याची खरी वाट नाल्यात, असा प्रकार पूर्ण एक हंगाम चालला, आणि मी मोडलेली बाजूच मजबूत करत बसलो. म्हणून जागलीला असताना कळप आत दिसला, तर बॅटरी चमकवत आणि डबे वाजवत चहूकडून धावण्याऐवजी आधी जंगलाकडचे फाटक उघडावे व एकाच बाजूने सावकाश हाकलावे. घाबरलेला कळप झटक्याची पर्वा करत नाही.

मोजणी पहाटे करा, दुपारी नाही

मशीन बसवून देणारा माणूस दुपारी बारा वाजता, कोरड्या हवेत आणि मशीनपासून दहा पावलांवर टेस्टर लावून आठ हजार व्होल्ट दाखवतो. रोही येतात ते सांजेपासून पहाटेपर्यंत, आणि पहाटे गवतावर, खांबांवर व इन्सुलेटरवर दव असते, त्यामुळे गळती सर्वांत जास्त आणि विजेचा दाब (व्होल्ट) सर्वांत कमी त्याच वेळी असतो. म्हणून मोजणी सूर्योदयाआधी आणि मशीनपासून सर्वांत दूरच्या टोकाला करावी. तिथे किमान चार हजार व्होल्ट मिळाले पाहिजेत. त्याहून कमी मिळत असतील, तर कुंपण कागदावर चालू आणि प्रत्यक्षात बंद आहे असे समजावे. आकडे दाखवणारा टेस्टर मशीनच्या मानाने फार स्वस्त मिळतो. तरीही तो विकत घेतलेला शेतकरी मला क्वचितच भेटतो, आणि गवताची काडी तारेला लावून अंदाज घेण्याची पद्धत मात्र सगळ्यांना ठाऊक असते.

दूरच्या टोकाला आकडा कमी आला, तर दोष मशीनमध्ये आहे की तारेत, हे पहिल्यांदा वेगळे करावे. मशीन बंद करून कुंपणाची तार सोडवावी, मशीन पुन्हा चालू करून थेट तिच्या दोन टोकांवर दाब मोजावा. तिथे आकडा भरपूर असेल, तर मशीन निर्दोष आहे. तिथेच आकडा पडलेला असेल, तर आधी बॅटरी पाहावी. १२ व्होल्टची बॅटरी भरलेली आणि विसावलेली असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली गेलेली बॅटरी पहाटेपर्यंत टिकत नाही. पॅनेलवर साचलेली धूळ, त्यावर पडणारी वाढलेल्या तुरीची सावली आणि आटलेले बॅटरीतील पाणी, ही तिन्ही कारणे पाच मिनिटांत तपासून होतात.

अर्थिंग: जिथे बहुतेकांचे घोडे अडते

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येतो. आपल्याकडे रोह्यांचा सर्वाधिक त्रास माघ-फाल्गुनात, हरभरा व गहू भरात असताना होतो, आणि नेमकी तेव्हाच काळी जमीन वरून कोरडी पडलेली असते. कोरडी माती वीज नीट वाहून नेत नाही. शिवाय काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. परंतु ती अर्थिंगच्या सळईपासूनही आकसते, हे माझ्या ध्यानात यायला उशीर लागला. माझी सळई दीड हाताची, गंजलेली आणि एकटी होती. एका सकाळी तिच्याजवळ उकिडवा बसलो, तेव्हा तिच्याभोवती करंगळी शिरेल एवढी गोल फट दिसली. सळई हाताने हलवली तर सैल दातासारखी हलली. पावसाळ्यात आणि कार्तिकापर्यंत हीच सळई ओल्या मातीत घट्ट बसलेली होती, म्हणून कुंपण तेव्हा चालले आणि नंतर बंद पडले. रोह्याला सवय वगैरे काही झालेली नव्हती.

अर्थिंग पुरेसे आहे की नाही, याची एक खात्रीची परीक्षा आहे. मशीन बंद करावी. तिच्यापासून किमान शंभर मीटर दूर जाऊन तीन-चार लोखंडी सळया जमिनीत ठोकाव्यात आणि त्या कुंपणाच्या तारेला टेकवून ठेवाव्यात, म्हणजे मुद्दाम मोठी गळती तयार होते. मशीन पुन्हा चालू करून तारेवरचा दाब दोन हजार व्होल्टच्या खाली आला आहे याची खात्री करावी. आला नसेल तर आणखी सळया टेकवाव्यात. मग मशीनजवळ परत येऊन टेस्टरचे एक टोक अर्थिंगच्या सळईला आणि दुसरे टोक, वायर जाईल तेवढे दूर, मातीत खोचावे. चांगल्या अर्थिंगवर तिथे जवळजवळ काहीच दिसत नाही. तीनशे व्होल्टपेक्षा अधिक दिसत असतील, तर अर्थिंग अपुरे आहे. माझ्याकडे हा आकडा अकराशे होता, आणि त्या अवस्थेत कितीही मोठी मशीन लावली असती, तरी ठोका मातीतून परत येऊ शकला नसता.

उपाय महाग नाही. सुमारे दोन मीटर लांबीच्या गॅल्व्हनाइज्ड सळया किंवा पाइप, किमान तीन, एकमेकांपासून तीन-तीन मीटर अंतरावर पूर्ण खोल ठोकाव्यात आणि एकाच अखंड तारेने, नटबोल्टच्या क्लॅम्पने घट्ट जोडाव्यात. बाइंडिंगच्या तारेचे वेढे देऊ नयेत. तो सांधा दोन पावसाळ्यांत गंजतो आणि वरून मात्र जोडलेला दिसतो. जागा शक्यतो ओलसर निवडावी, म्हणजे विहिरीच्या धावेजवळ, पाटाच्या कडेला किंवा गोठ्याचे पाणी जिथे मुरते तिथे. मात्र घराच्या किंवा कृषिपंपाच्या अर्थिंगपासून ती किमान दहा मीटर लांब असावी. ओलसर जागा नसेल, तर ठिबकची एक नळी सळयांकडे वळवून आठवड्यातून दोनदा थोडे पाणी द्यावे. मी सध्या हेच करतो.

जिथे फेब्रुवारीनंतर जमीन फारच कोरडी पडते, तिथे माती परतीचा रस्ता म्हणून पुरी पडत नाही. अशा ठिकाणी सगळ्या तारांत ठोका सोडण्याऐवजी एक तार ठोक्याची आणि त्यालगतची एक तार अर्थिंगला जोडलेली, अशी आळीपाळीने रचना करावी. रोही दोन तारांमध्ये डोके घालतो, तेव्हा दोन्ही तारा एकाच वेळी त्याच्या अंगाला लागतात आणि मातीच्या भरवशावर न राहता वर्तुळ पूर्ण होते. यात एकच पथ्य आहे: ताण कमी होऊन दोन तारा एकमेकींना टेकल्या, तर संपूर्ण कुंपण एका क्षणात मरते, म्हणून मधले खांब दाट लागतात.

गळतीच्या जागा

अर्थिंग सुधारल्यावरही आकडा कमीच राहिला, तर कुंपण तुकड्यातुकड्यांनी सोडवून मोजत जावे. ज्या तुकड्यानंतर आकडा एकदम कोसळतो, त्या तुकड्यात गळती असते. रात्री मशीन चालू ठेवून, हातातली बॅटरी (टॉर्च) बंद करून तारेकडेने चालले, तर गळतीच्या जागी बारीक निळी ठिणगी दिसते आणि मशीनच्या ठोक्याबरोबर टचकन आवाज येतो. श्रावण-भाद्रपदात वाढलेले गवत हे सर्वांत सामान्य कारण आहे. म्हणून सर्वांत खालच्या तारेला स्वतंत्र खटका बसवावा, म्हणजे तण काढायला सवड नसेल तेव्हा ती एक तार बंद करून वरच्या तारा जिवंत ठेवता येतात. इन्सुलेटर म्हणून ठिबकच्या जुन्या नळीचे तुकडे वापरण्याची पद्धत सर्रास आहे. ते एक-दोन उन्हाळे चालतात, नंतर उन्हाने तडकतात, आणि लोखंडी अँगलचा खांब असेल तर तडकलेल्या जागेतून सगळा ठोका जमिनीत उतरतो.

साड्यांविषयी थोडे स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे. शेताभोवती जुन्या साड्या बांधणे हा आपल्याकडचा जुना आणि स्वस्त उपाय आहे, आणि त्यावर हसण्याचे कारण नाही. नव्या साड्या फडफडतात तोवर जनावर बिचकते. परंतु झटक्याच्या तारेवरच साड्या बांधल्या आणि त्यांचे पदर जमिनीला टेकले, की पहाटेच्या दवाने भिजलेली प्रत्येक साडी गळतीची एक वाट बनते. माझ्या शेजाऱ्यांच्या कुंपणावर अशा चौदा साड्या होत्या. त्या सोडल्या आणि दूरच्या टोकाचा आकडा अठराशेवरून थेट साडेचार हजारांवर गेला. तार दिसावी एवढाच हेतू असेल, तर प्लॅस्टिकच्या पांढऱ्या पट्ट्यांचे वीतभर तुकडे पुरतात.

कुटाराच्या (मळणीनंतरच्या भुशाच्या) ढिगाबाबतही हीच सावधगिरी हवी. सोयाबीनचे, हरभऱ्याचे कुटार किंवा कडब्याची गंजी पांदणीजवळ म्हणून कुंपणाला लागून रचली जाते. वाऱ्याने ती कलते, तारेवर रेलते आणि गळती सुरू होते. त्याहून वाईट म्हणजे वाळलेल्या कुटाराशेजारी ठिणगी पडत राहते. शिवाय ढीग धुऱ्यावर असला, की तो रोह्यांना आणि मोकाट गुरांना तारेवर छाती टेकून ओढायला निमंत्रणच असते. ढीग कुंपणापासून पंधरा-वीस फूट आत घ्यावा, आणि सोयाबीनची सुडी मळणीपर्यंत शेतात ठेवायची असेल, तर तीही कडेला न लावता मध्यभागी लावावी.

उंची, नाला आणि चालू करण्याची वेळ

पूर्ण वाढलेला रोही दीड मीटरचा अडथळा उडी मारून ओलांडू शकतो, पण कळप शक्यतो उडी मारत नाही. तो तारांमधून किंवा खालून जाण्याची जागा शोधतो. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात हाच प्राणी अमेरिकेतील टेक्सासमध्ये सोडण्यात आला, आणि तिथल्या गुरांच्या कुंपणांखालून वाटा पाडण्यासाठी तो तिकडेही प्रसिद्ध आहे. त्यामुळे दोन मीटरची भिंत उभारण्यापेक्षा पाच तारा नीट अंतरावर आणि ताणून बसवणे अधिक उपयोगी ठरते. खालची तार जमिनीपासून साधारण २५ सेंटिमीटरवर, वरची दीड मीटरवर, आणि रोह्याचे नाक जिथे लागते त्या ७५ ते ११० सेंटिमीटरच्या पट्ट्यात तारा जरा दाट ठेवाव्यात. नाल्यावर सरळ ताणलेल्या तारेखाली पुरुषभर पोकळी राहते, आणि माझ्या शेतात येणाऱ्या कळपाची वाट तीच होती. तिथे मुख्य तार वरून न्यावी आणि तिच्यापासून वेगळ्या खटक्यावर लोंबत्या तारा सोडाव्यात, म्हणजे पुराच्या वेळी तेवढाच भाग बंद करता येतो.

कुंपण चालू करण्याची वेळही चुकते. हरभऱ्याची चव कळपाने घेतल्यावर मशीन लावली, तर तो तार फोडून जाण्याचा प्रयत्न करतो. पेरणीआधी, शेत मोकळे असतानाच कुंपण चालू केले, तर चौकस रोही नाकाने तार हुंगतो आणि पहिला झटका नाकावर खातो. तसेच दिवसा मशीन बंद ठेवण्याची काटकसर करू नये. दुपारी बंद तारेतून एकदा निर्धोक गेलेले जनावर रात्री त्याच खांबाजवळ परत येते.

शेजाऱ्यांनी मिळून कुंपण करावे, हे सगळेच सांगतात. त्यामागचा हिशेब मात्र सांगितला जात नाही. एक एकराच्या चौकोनी शेताला सुमारे २५४ मीटर घेर लागतो, म्हणजे दहा शेतकऱ्यांनी स्वतंत्र कुंपणे केली तर अडीच किलोमीटर. तेच दहा एकर एकत्र घेरले, तर सुमारे ८०५ मीटरमध्ये काम होते. उरलेल्या पैशांत चांगले इन्सुलेटर, पुरेशा सळया आणि टेस्टर सहज येतात. व्याघ्र प्रकल्पांच्या बफर क्षेत्रातील गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणासाठी अनुदान मिळते. अर्ज करण्यापूर्वी आपले गाव यादीत आहे का, हे वन परिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्यावे.

हे मात्र करू नये

थेट लाइनवर आकडा टाकून तारेत वीज सोडणे हा उपाय नाही. तो गुन्हा आहे. मशीनचा ठोका सेकंदाच्या अगदी लहान भागापुरता असतो आणि दोन ठोक्यांमध्ये अंग सोडवून घ्यायला वेळ मिळतो. थेट लाइनचा प्रवाह अखंड असतो आणि पकडलेला हात सुटत नाही. अशा तारांवर विदर्भात वाघ मेले आहेत, आणि जागलीला गेलेली माणसेही मेली आहेत. फोरेटच्या पुड्या धुऱ्यावर टांगण्याची पद्धतही सोडून द्यावी. ते विषारी कीटकनाशक असून २०२० च्या अखेरीपासून त्याच्या वापरावर देशात बंदी आहे. रोही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत असल्याने त्याला मारण्याचा निर्णय शेतकऱ्याला परस्पर घेता येत नाही. पिकाला उपद्रव होत असल्यास तशी परवानगी केवळ अधिकृत वन अधिकारी देऊ शकतो.

एवढे सगळे करूनही नुकसान झालेच, तर तक्रार घटनेपासून तीन दिवसांच्या आत वनरक्षक, वनपाल किंवा वनक्षेत्रपाल यांच्याकडे पोहोचली पाहिजे. सात-बारा, ई-पीक पाहणीची नोंद आणि बँकेचा तपशील हाताशी ठेवावा. खुडलेल्या ओळींचे, खुरांचे आणि तारेला अडकलेल्या केसांचे फोटो सकाळच्या उजेडात काढावेत, आणि फोटो निघेपर्यंत तुटलेली तार तशीच राहू द्यावी.